नव्या माणसाचं पुस्तक

वाचलेलं पुस्तक परत आणून देणारं आणि वर मलाच दम भरणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच बघितलं. किसन वायरमन. जुन्नरच्या एस.टी. स्टँडसमोर माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. शाळेची पुस्तकं, गाइडं, पंचांगं, व्रतांच्या पोथ्या, असलाच सगळा माल. दुपारी गर्दी ओसरली, मी जरा पाठ टेकली, की काउंटरवर धाडकन पुस्तक आपटायचं. "घ्या परत! ह्याला अर्थिंगच न्हाई!"

आता तुम्हीच सांगा, पुस्तक म्हणजे काय लुगडं आहे, घरी नेऊन अंगाला लावून बघितलं आणि काठ पसंत नाहीत म्हणून परत आणलं? मी म्हणायचे, "अहो किसनभाऊ, वाचलंत ना सगळं? मग परत कसलं करताय?" तर म्हणायचे, "वाचलं म्हनूनच परत करतोय. न वाचता परत केलं असतं तर तुमच्या मालावर अन्याव झाला असता." घ्या! आता ह्यावर काय बोलणार, कपाळ? पैसे मात्र कधी परत मागितले नाहीत. ते पुस्तक ठेवा आणि दुसरं काढा, एवढंच म्हणणं.

किसनभाऊ भालेराव वीज मंडळातून रिटायर झाले होते, पण त्यांच्या खिशातला टेस्टर काही रिटायर झाला नव्हता. नवीन पुस्तक हातात दिलं की पहिल्या पानावरून सुरुवात करायची हे त्यांना मान्यच नाही. मधोमध उघडायचं, टेस्टरचं टोक एका ओळीवर टेकवायचं आणि ती ओळ अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी वाचायची. "मधल्या पानावर करंट असंल तर सगळीकडं असतो," हा त्यांचा नियम. एकदा टेस्टर टेकला तो 'पंचस्कंध हे अनित्य होत' ह्या वाक्यावर. झालं! "होत? कोन होत? तुमच्या घरात भाकरी करताना कोनी 'ही भाकरी होय, ते कालवण होय' म्हनतं का?" समोर गाइड घ्यायला आलेली दोन पोरं हसता हसता गाइड न घेताच निघून गेली. धंद्याची वेळ आणि ह्यांचं हे चाललेलं. मला असा संताप यायचा म्हणून सांगू!

पुस्तक हवं होतं बुद्धाचं. साधं, सोपं, ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाच्या हातात देता येईल असं. "नव्या मानसाचं पुस्तक" हा त्यांचा शब्द. ह्या सगळ्याचं मूळ त्यांची सून उज्ज्वला. पारगावच्या ऊसवाल्या बागायतदाराची लेक. पुण्याला शिकायला होती, तिथं किसनभाऊंच्या मिलिंदशी जमलं आणि दोघांनी रजिस्टर लग्न केलं. मुलगी आमच्या जातीतली, मुलगा बौद्धांच्यातला. पुढं काय झालं ते निराळं सांगायला नको. तिचे वडील, ज्यांना सगळं पारगाव आबा म्हणतं, त्यांनी जिवंत मुलीच्या नावानं आंघोळ केली. आबा माझ्या माहेरच्या भावकीतले, म्हणून ही बातमी मला घरबसल्या कळली, आणि घरबसल्याच माझं टाळकं फिरलं. एवढी माणसं जमली होती म्हणे त्या आंघोळीला. एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

तर ही उज्ज्वला नांदायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या बुद्धाच्या मूर्तीसमोर पदर घेऊन उभी राहिली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामा, इथं काय करायचं?"

"हात जोडायचे," किसनभाऊ म्हणाले.

"आणि मागायचं काय?"

"मागायचं न्हाई."

"मग?"

आता ह्या 'मग'चं उत्तर किसनभाऊंकडं नव्हतं. छप्पनच्या धर्मांतरानंतर त्यांच्या वडलांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, पण त्या जागी काय आलं ते पोरांना समजावून सांगायला त्यांना सवड कुठं होती? लोकांच्या बांधावर राबायचं होतं. वंदना सगळ्यांना पाठ. लग्नात म्हणा, बारशाला म्हणा, मयताला म्हणा, घडाघडा. "ताई, जन्मभर म्हनत आलोय. पोरीनं एक सवाल केला आन् माझा फ्यूज उडाला!" असं म्हणत ते पहिल्यांदा माझ्या दुकानात आले. त्या दिवसापासून माझ्या मागं ही पीडा लागली.

बरं, माझ्याकडनं प्रयत्न कमी पडले असंही नाही. पुण्याला माल भरायला गेले की मी चार-दोन पुस्तकं आणायचेच. वर छापलेलं असायचं, 'नवोदितांसाठी', 'सुबोध', 'सर्वांसाठी'. उघडावं तर पहिल्याच पानावर अर्धी ओळ पाली आणि अर्धी ओळ तळटीप. सुबोध म्हणे! ज्यानं ते लिहिलं त्याला एकदा माझ्या काउंटरमागं बसवायला हवं होतं, किसनभाऊंच्या टेस्टरसमोर. दुसरी तऱ्हा पोरांच्या चित्रांच्या पुस्तकांची. त्यातलं एक टेस्टर न लावताच परत आलं. "ह्यात बुद्धापरीस हंस मोठा काढलाय. सुनंनं हात कोनाला जोडायचे?"

एक पुस्तक होतं रागावर. म्हटलं, हे तरी ह्यांना लागू पडेल. तिसऱ्या दिवशी तांबडेलाल होऊन आले. "म्हनतोय, राग आला की श्वासाकडं बघा. बघितलं! श्वासाकडं बघता बघता ह्या लेखकाचा आनखीनच राग आला! अहो, मेन स्विच कुठंय ते सांगायचं सोडून हा नुसता 'बटन बंद करा, बटन बंद करा' म्हनतोय!" पुस्तक इतक्या जोरात आपटलं की माझी शाईची बाटली कलंडली आणि पंचांगांचा अख्खा गठ्ठा निळा झाला. त्या दिवशी मी त्यांना असं काही झाडलं की शेजारचा चहावाला दोन कप चहा घेऊन मध्ये पडला.

आणि एका पुस्तकात तिसऱ्याच पानावर देवादिकांची अशी काही हजेरी घेतली होती की विचारू नका. ते मात्र किसनभाऊंनी आपटलं नाही, हळूच ठेवलं. म्हणाले, "खरं असंल, खोटं असंल, मला त्याच्याशी भांडायचं न्हाई. पन पावन्याला ताटावर बसवायचं आन् पयल्या घासाला त्याच्या आईबापाचा उद्धार करायचा, ही कुठली रीत हो?" मी उगाच फळीवरची धूळ झटकायला लागले, कारण ते बरोबर बोलत होते आणि मला त्यांच्याशी सहमत व्हायची सवय नव्हती.

मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की परदेशातून धर्माची पुस्तकं फुकट येतात, नुसतं पत्र टाकायचं. ह्यांनी टाकलं. आलं एक भलंमोठं खोकं. पोस्टमन बिचारा घामाघूम. उघडलं तर सगळं इंग्रजी, कागद असा गुळगुळीत की माशी घसरावी. दुसऱ्या दिवशी ते खोकं माझ्या दुकानाच्या पायरीवर. "बदलून मराठीतलं द्या!" अहो, मी विकलंय का हे? खोकं अजून माझ्या माळ्यावर आहे. उंदरांना तेवढं इंग्रजी येतंय.

त्यांच्या समाजमंदिरातल्या मंडळींनी तर त्यांचा धसकाच घेतला होता. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी तिथं ग्रंथवाचन असतं. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. किसनभाऊ मध्येच उठून वाचणाऱ्याला म्हणायचे, "थांब. आता जे वाचलंस ते तुझ्या शब्दात सांग." तो गडबडायचा, ह्यांचा आवाज चढायचा, बाया पोरं काखोटीला मारून घरी जायच्या. शेवटी मंडळींनी युक्ती केली. म्हणाले, तुम्ही वायरमन माणूस, माइकची मशीन तुम्ही सांभाळा. वाटलं, कामात राहतील, गप्प बसतील. कसलं काय! वाक्य जड झालं की हे खटकन मशीन बंद करायचे. "लोड वाढला व्हता. मशीन जळली असती." वाचणारा नुसते ओठ हलवतोय आणि हे शांत बसलेत.

एका भंतेजींना त्यांनी अडवून विचारलं, "भंतेजी, नव्या मानसानं आदी काय वाचावं?" भंतेजी हसले आणि म्हणाले, "आधी मन वाचावं." किसनभाऊ तिथनं जे निघाले ते थेट माझ्या दुकानात. "मन वाचा म्हनं! मनाला पानं असत्यात का? अक्षरं असत्यात का? आन् तुमच्याकडं मिळतं का ते?" मी म्हटलं, "नाही हो, संपलंय." चक्क माझ्यावर दोन दिवस रुसले.

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस उज्ज्वला स्वतः दुकानात आली. बाळाच्या नावांचं पुस्तक हवं होतं. मला तिच्याकडं बघून कळलंच, आणि बरं वाटलं. सहज म्हटलं, "काय गं, सासऱ्यांनी एवढी पुस्तकं नेली, एखादं तरी पसंत पडलं का तुला?"

ती बघतच राहिली. "मला? मला कुठं दिलं एकपण? मला सगळं आत्यांनी सांगितलं की, पहिल्या पंधरा दिवसांतच, भाकरी थापता थापता." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. "त्या म्हणाल्या, मागायचं काही नसतं, आपण कसं वागायचं ते रोज स्वतःला बजावायचं असतं. झालं. कळलं मला."

म्हणजे पंधरा दिवसांत भाकरीच्या तव्यावर जे काम उरकलं, त्याच्यासाठी ह्या माणसानं माझं वर्षभर रक्त आटवलं? मी वाटच बघत बसले. आले. पुस्तक आपटायला हात वर केला, तर मी तो हातच धरला. "किसनभाऊ, आधी सांगा, कुठं जातात माझी पुस्तकं?"

खाली बघायला लागले. ह्या माणसाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "पारगावला."

माझ्या दुकानातनं पुस्तक घ्यायचं, घरी वाचायचं, जमेल असं वाटलं तर नारायणगाव, मंचर करत एस.टी.नं पारगाव गाठायचं, आबांच्या ओट्यावर पुस्तक ठेवायचं आणि 'येतो' म्हणून निघायचं. आबा बोलू द्यायचे नाहीत, बसा म्हणायचे नाहीत. पुढच्या खेपेला हे गेले की आबा तेच पुस्तक ह्यांच्या अंगावर भिरकावायचे. हे ते उचलायचे, झटकायचे आणि माझ्या काउंटरवर आणून आपटायचे.

माझा स्फोटच झाला. "अहो, जनाची नाही तर मनाची तरी! कशाला जाता त्या दारात? तो माणूस तुम्हाला हाकलतोय, पुस्तकाला नाही!"

"आबाची चूक न्हाई, ताई. पुस्तकच बरोबर न्हाई."

"काय बरोबर नाही पुस्तकात?"

"आसं बघा," ते म्हणाले, "मानसाला हाकलतोय म्हनलं, तर खेळ खलास. पुढं काय करायचं? पन पुस्तक चुकलंय म्हनलं, तर दुसरं आनता येतं."

मी खाली बसले. ते काउंटरच्या पलीकडं उभेच. म्हणाले, "पयलं बाळंतपन हाय. पयलं माहेरी व्हतं. कोन येनार तिला न्यायला? ती तोंडानं काय म्हनत न्हाई. परवा तिच्या आत्याला म्हनली, माझी आई डिंकाचे लाडू लई चांगले करती. येवढंच म्हनली. म्हनून म्हनतो, आसं एक तरी पुस्तक असंल का न्हाई, जे वाचून त्यांना वाटंल, ही बी आपल्यासारकीच मानसं हायेत, पोरगी काय वाईट घरात पडली न्हाई?"

असं पुस्तक कुठं मिळतं? कुठल्या प्रकाशकाला पत्र टाकू? मला त्या सगळ्या लेखकांचा, तळटिपांचा, पारगावचा आणि माझ्या भावकीचा एकदम असा राग आला की मी दुकानाचं शटर ओढण्याच्या आधी गिऱ्हाइकाला बाहेर काढायचंसुद्धा विसरले. एक बाई आतच राहिली होती. "चला," मी म्हटलं, "ह्या खेपेला मी येते."

त्यातल्या त्यात बरं म्हणून एक पुस्तक मी निवडलं. त्यात शिव्या नव्हत्या, 'होत' नव्हतं. टेस्टर लावून त्यांनीही पास केलं. दोन्ही हातांत धरून बसले गाडीत, प्रसादाचं ताट धरतात तसं. 

पारगावला दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस आणि मध्ये आबांचं घर. आबा ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. आणि मी काय बघितलं? जुन्नरच्या स्टँडवर ज्याचा आवाज एस.टी.च्या हॉर्नवर चढायचा, तो माणूस अंगणात चपला काढून, पुस्तक छातीशी धरून, ओट्याच्या खाली उभा राहिला. "रामराम, आबा." आबांनी मान वर केली नाही. मला म्हणाले, "शांते, तू वर ये. बस." मला म्हणाले, वर ये! मी गेलेच नाही. मीपण चपला काढल्या आणि किसनभाऊंच्या शेजारी अंगणात उभी राहिले.

किसनभाऊंनी पुस्तक ओट्याच्या कडेला ठेवलं. आबा उठले, आत जाऊन मागच्या खेपेचं पुस्तक घेऊन आले आणि त्याच्याबरोबर हेही उचलून अंगणात भिरकावलं. कोंबड्या फडफडत पळाल्या. किसनभाऊ वाकले उचलायला. मी म्हटलं, "थांबा! हात लावू नका!"

आणि मग मी सुटले. "आबा, जिवंत लेकीच्या नावानं आंघोळ केलीत तेव्हा सगळं गाव गप्प बसलं, पण मी बसायची नाही. तुमच्या वयाचा माणूस उन्हातान्हात तीन-तीन गाड्या बदलून येतोय, कशासाठी? त्याला काय तुमचा ऊस तोडून न्यायचाय? तुमच्या पोरीला दिवस गेलेत. विचारलंत कधी? बोलू दिलंत त्याला? मेलेली म्हणताय ना तिला? मग मेलेलीच्या पोटी बाळ येतंय, त्याला काय म्हणणार आहात?"

पुन्हा कातरायला बसलेल्या आबांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. किसनभाऊ माझा पदर ओढून "ताई, नका, ताई, नका," म्हणत होते. म्हणजे ह्यांनी जन्मभर ओरडायचं आणि माझी पाळी आली की नका! आबा उठले. खुंटीवरचा टॉवेल घेतला, खांद्यावर टाकला आणि मळ्याच्या वाटेला लागले. वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, होतं नव्हतं तेवढंही मी घालवलं.

तेवढ्यात आतून वैनी आल्या. उज्ज्वलाची आई. दाराआड होत्या, सगळं ऐकत होत्या. अंगणात उतरल्या, दोन्ही पुस्तकं उचलली, पदरानं पुसली. नवं उघडून डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत मिटलं. मग किसनभाऊंच्या पुढ्यात येऊन, त्यांच्या पायांकडं बघत म्हणाल्या, "व्याही, ह्याचं अक्षार लई बारीक हाय. मला दिसायचं न्हाई. मागचं बरं व्हतं, पन निम्मं झालं तवर ह्यांनी काढून घेतलं. पुढच्या खेपंला जरा मोठ्या अक्षराचं आना."

पदर सावरत म्हणाल्या, "आन् कितवा लागलाय तिला?"

किसनभाऊंनी माझ्याकडं बघितलं. मीच सांगितलं, सातवा. वैनींनी मागचं पुस्तक काखेत धरलं, नवं परत दिलं आणि आत गेल्या.

परतीच्या गाडीत ते खिडकीकडं तोंड करून बसले. मंचर आलं, गेलं. मी आपली माझ्याच रागात. सातवी शिकलेली ती बाई वर्षभर ती जड पुस्तकं चोरून वाचत होती, ह्या एका विचारानं मला हसू येत होतं की रडू, तेच कळत नव्हतं. नारायणगावच्या अलीकडं किसनभाऊ एकदम माझ्याकडं वळले.

"ताई, काय म्हनल्या हो त्या?"

"मोठ्या अक्षराचं आणा म्हणाल्या."

"त्याच्या आदी?"

"अक्षर बारीक आहे म्हणाल्या."

"न्हाई, न्हाई. सगळ्यात आदी."

मी आठवून बघितलं. "व्याही म्हणाल्या."

"म्हनल्या ना?" किसनभाऊंनी डोळे पुसले. "मला वाटलं, मलाच तसं आयकू आलं."